याकुझा उघड, ट्रायड लपून

जपानमधले याकुझा आणि हाँगकाँगमधले ट्रायड यांना आपण सरसकट ‘तिकडचं अंडरवर्ल्ड’ म्हणून मोकळे होतो. पण दोघांचा कारभार अगदी निराळा.

याकुझा उघड वावरतात. 1915 साली कोबेत सुरू झालेल्या यामागुची-गुमीचं मुख्यालय कुठे, प्रमुख कोण, हे सगळ्यांना ठाऊक. 1995 च्या भूकंपात याच टोळीने लोकांना अन्नपाणी वाटलं. (प्रसिद्धीही मिळाली, हे काय सांगायला हवं?) ‘ओयाबुन’ म्हणजे म्होरक्या बापाच्या जागी, ‘कोबुन’ म्हणजे हाताखालचा मुलाच्या, साके या तांदळाच्या दारूचा प्याला दिला-घेतला की नातं पक्कं. मोठी चूक झाली तर करंगळीचं पेर कापून द्यायचं. टोळीत असणं हा तिथे आजही गुन्हा नाही. सरकारने गळा आवळला तो पैशाच्या बाजूने: 1992 पासून लागू झालेला टोळीविरोधी कायदा, मग टोळीवाल्यांशी व्यवहार नको असे 2011 पर्यंत सर्व प्रांतांत आलेले नियम. बँकेत खातं उघडणं मुश्कील, भाड्याने घर मिळणं मुश्कील. 1963 मध्ये 1.8 लाखांवर असलेली संख्या आता 20 हजारांच्या खाली आलीय.

हाँगकाँगमध्ये मात्र ‘मी ट्रायडचा’ असं नुसतं म्हणणंही गुन्हा. मूळ अठराव्या शतकातल्या तियानदीहुई या गुप्त मंडळात. दीक्षेच्या 36 शपथा, पदांना आकडे: 49 म्हणजे साधा सदस्य, 426 मारामारीवाला, 489 सर्वांत वरचा. पण 14के सारख्या टोळीत एकच मालक नसतो; छोटे गट ओळखीपाळखीवर आपापला धंदा जमवतात. त्यामुळे मला ट्रायडच जास्त चिवट वाटतात, एक म्होरक्या उचलला तरी बाकीच्यांचं फारसं अडत नाही.