खान्देशच्या उन्हात ५० वॉटचा एफएम ट्रान्समीटर: पेटी टिकते, दगा देतं ते भोवतालचं सामान

सामुदायिक रेडिओसाठी मिळणारा देशी बनावटीचा ५० वॉटचा ट्रान्समीटर म्हणजे रॅकमध्ये सरकवायची दोन यू (म्हणजे जेमतेम नऊ सेंटीमीटर) उंचीची पेटी. पुढे छोटा डिस्प्ले, मागे अँटेनाच्या केबलसाठी एन कनेक्टर, ऑडिओचे एक्सएलआर इनपुट आणि पंखा. थंड खोलीत, सरळ विजेवर ती वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. भुसावळ-चोपड्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो, लाईट गेलेली असते आणि एसी बंद असतो, तेव्हा तिचा कस लागतो. त्या हिशेबाने या पेटीला पाचपैकी साडेतीन गुण. कापलेल्या दीडपैकी एक पंख्याच्या जागेचा, अर्धा वीज-इनपुटचा.

आधी चांगलं सांगू. ५० वॉट पॉवर, त्याला दोन डायपोलचा अँटेना, आणि नियमात बसणारी १५ ते ३० मीटर उंची असली की १०० वॉट ईआरपीच्या (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या परिणामी पॉवरच्या) मर्यादेत राहून सपाट भागात ८-१० किलोमीटर आवाज स्वच्छ जातो. तापीकाठच्या केळीपट्ट्यात सपाटी असल्याने हे जमतं. सातपुड्याच्या पायथ्याला एखादी टेकडी आड आली की पलीकडचं गाव गेलंच. अशा ठिकाणी जास्त वॉटची पेटी मागू नका, परवान्यात ती बसतही नाही. अँटेना १५ मीटरवरून ३० वर न्या. उंची दुप्पट झाली की पल्ला साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. उलट पॉवर निम्मी झाली तरी पल्ला जेमतेम १५ टक्क्यांनीच घटतो. म्हणूनच पेटी तापून ५० चे २५ वॉट झाले तरी स्टुडिओत कुणाला पत्ता लागत नाही, कडेच्या गावात मात्र खरखर सुरू होते. फोन तिथून येतात.

आता पंखा. दोन यूच्या पेटीत ८० मिलीमीटरचा पंखा बसतो. काही मॉडेलमध्ये तो मागच्या पट्टीवर चार स्क्रूंनी लावलेला असतो, पाच मिनिटांत बदलतो. काहींमध्ये तो आतल्या हीटसिंकसमोर, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्यासमोर असतो. तिथे वरचं झाकण काढायचं, त्याचे डझनभर स्क्रू, वायर सोल्डर केलेली, आणि हे सगळं सील तोडून, म्हणजे वॉरंटी गेली. खरेदीआधी पेटी उलटी करून बघावी ती एवढ्यासाठी. पंख्याच्या लेबलवर १२ व्होल्ट की २४ व्होल्ट तेही वाचा. १२ चा पंखा जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, २४ चा बऱ्याचदा मागवावा लागतो. घाईत २४ च्या जागी १२ चा लावला तर तो जळतो, आणि पंखा बंद पडल्यावर पेटी दुपारी दोन वाजता आपोआप पॉवर कमी करत जाते. बॉल बेअरिंगचाच घ्या. बुशवाला उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि आधी घर्र आवाज करून मग बसतो. पंख्याच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो उलटा लागला तर गरम हवा पुन्हा आतच फिरते.

फिल्टरची गोष्ट खान्देशात वेगळी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जिनिंगचा हंगाम. कापसाचा बारीक तंतू हवेत असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण फोमच्या फिल्टरवर पंधरा दिवसांत नमद्यासारखा पांढरट थर बसतो. बोटाने खरवडला की सरळ पापुद्रा निघतो. फोम साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचा. ओला लावू नये. म्हणून दोन फोम ठेवायचे, एक लावलेला, एक वाळत. एरवी महिन्याने धुतला तरी चालेल.

आणि एक गैरसमज: ट्रान्समीटर खोली तापवतो म्हणून दीड टनाचा एसी हवा. पेटीतून उष्णता निघते ती जुन्या ६०-१०० वॉटच्या बल्बएवढी. खोली तापते पत्र्याच्या छतामुळे. छताखाली थर्माकोल किंवा पीओपीचं सिलिंग, भिंतीत उंचावर एक्झॉस्ट, समोरच्या भिंतीत खालच्या अंगाला जाळी, एवढ्याने एसी बंद असतानाही पेटी तग धरते.

डिस्प्लेवरचे पाच आकडे रोज वहीत लिहिले तर निम्मे बिघाड आधी कळतात: फॉरवर्ड पॉवर (अँटेनाकडे जाणारी), रिफ्लेक्टेड पॉवर (तिथून परत येणारी), पीएचा म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा करंट, पीए व्होल्टेज, हीटसिंकचं तापमान. निरोगी सेटअपमध्ये फॉरवर्ड ५० असताना रिफ्लेक्टेड एक वॉटच्या आत. दोन वॉट झाले म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर (पॉवर किती परत फिरते त्याचं माप, आदर्श १) १.५, लक्ष ठेवा. साडेपाच झाले म्हणजे २, टॉवरवर माणूस चढवा. करंट वाढतोय आणि फॉरवर्ड तसाच आहे तर पीएकडे संशय. तापमान रोज दोन-दोन अंश चढतंय तर फिल्टर.

रिफ्लेक्टेड वाढला की पेटी खराब म्हणून थेट कंपनीकडे पाठवण्याची चूक सर्रास होते. आधी दोष खाली आहे की वर ते ठरवा. ट्रान्समीटर बंद करा, अँटेनाची केबल काढा, तिथे ५० ओहमचा १०० वॉट झेपणारा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर शोषून घेणारा रोधक) लावा, १० वॉटवर सुरू करून हळूहळू ५० वर न्या. डमी लोडवर रिफ्लेक्टेड जवळपास शून्य आला तर पेटी ठीक आहे, दोष केबल, कनेक्टर किंवा अँटेनात. लोड न लावता पेटी कधी चालू करू नका. संरक्षण सर्किट असतं, पण त्याची परीक्षा घेण्याची ही जागा नव्हे. पेटीसोबत डमी लोड येत नाही, तो वेगळा मागा.

दोष वर असला तर बहुतेक वेळा अँटेनाजवळच्या जंपरच्या, म्हणजे जोडणीच्या छोट्या केबलच्या, कनेक्टरमध्ये सापडतो. उघडल्यावर मधली पिन हिरवट काळी, केबलची तारेची जाळी ओलसर, आणि पाणी केबलच्या आत वीतभर उतरलेलं. टेपिंग बरोबर केलं तर हे होत नाही. कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, त्यावर एक थर पीव्हीसी टेप, त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप ताणून, प्रत्येक वेढा निम्म्यावर निम्मा चढवत, आणि वरून पुन्हा पीव्हीसी. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे कौलांसारखं पाणी बाहेरून घसरतं. टेप शेवटी ओढून तोडू नका, कात्रीने कापा. ओढलेलं टोक उन्हात सुटतं. केबल खोलीत शिरण्याआधी खाली झोळ ठेवा, थेंब तिथून गळतात.

केबल निवडताना पैसे वाचवू नका. ४० मीटर आरजी-२१३ ही साधी केबल घातली तर १०० मेगाहर्ट्झच्या आसपास ५० पैकी सुमारे २७ वॉट अँटेनापर्यंत पोचतात. अर्ध्या इंची, तांब्याचं नालीदार कवच असलेल्या फोम हेलिअ‍ॅक्सने चाळीस. तेवढ्या फरकात महागडी पेटी घेण्याचं कारणच उरत नाही. कावळ्यांची घरटी, लालतोंड्या गांधीलमाश्यांची पोळी आणि कधी आग्या मोहोळ टॉवरवर असतंच. चढण्याआधी दुर्बिणीने बघून घ्यावं. मेच्या अखेरीस वादळी वाऱ्यात केळी आडव्या होतात, त्याआधी टॉवरला धरणाऱ्या ताणतारांचे (गाय-वायरचे) ताण कसायचे टर्नबकल तपासलेले असावेत.

वीज-इनपुटला अर्धा गुण का कापला? पेटीचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा भाग) ९० ते २६४ व्होल्ट झेलतो, पण थ्री-फेजच्या ओळीत न्यूट्रल तुटला तर सॉकेटवर ४०० पर्यंत जाऊ शकतात. मग आतला एमओव्ही (व्होल्टेजचा क्षणिक झटका शोषणारा सुटा भाग) फुटतो, फ्यूजची काच काळी पडते, आणि पेटी मुकी होते. त्यापासून संरक्षण आत नाही. सर्व्हो स्टॅबिलायझर याला उपाय नाही, त्याची मोटर फिरेपर्यंत काम झालेलं असतं. २७० ला तोडणारा, १७० खाली तोडणारा आणि लाईट परतल्यावर तीन मिनिटं थांबणारा रिले आधी लावा, त्यामागे १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस. ट्रान्समीटर, मिक्सर, संगणक मिळून ४०० वॉटचा भार धरला तर १०० एएचच्या तीन बॅटऱ्यांवर साधारण पाच तास निघतात. एसी त्यावर चढवू नये.

बॅटऱ्या ट्रान्समीटरच्या खोलीत ठेवू नका, आम्लाची वाफ कनेक्टर खाते. ट्युब्युलर असतील तर उन्हाळ्यात दर महिन्याला डिस्टिल्ड पाणी, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटरवर १२४० च्या आसपास यायला हवं. सीलबंद बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, हे लक्षात घेतलं तर त्या इथे स्वस्त पडत नाहीत.

अर्थिंगची चूक काळ्या मातीत दडते. पावसाळ्यात मोजलं तर दोन ओहमच्या आत, एप्रिलमध्ये माती भेगाळली की तेच कितीतरी वर. म्हणून मोजायचं एप्रिलमध्ये. खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरणारी माती) आणि मार्च ते जून आठवड्याला दोन बादल्या पाणी. टॉवर, केबलचा सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा भाग) आणि रॅक यांची अर्थिंग एकत्र जोडलेली हवी. सुटी ठेवली तर वीज पडल्यावर फरकाचा प्रवाह पेटीतूनच वाट काढतो.

वार्षिक देखभालीचा करार घेत असाल तर बारीक अक्षरं वाचा. 'टॉवरवर चढणे समाविष्ट नाही' अशी ओळ असली तर करार कागदापुरताच. चार भेटींपैकी एक मे महिन्यात, पावसाआधी, असं लिहून घ्या. पंखा, फ्यूज, कनेक्टर कोण आणणार तेही.

कपाटात कायम ठेवायचं सामान: दोन पंखे, दहा फ्यूज, चार एन कनेक्टर, तीन मीटरचा तयार जंपर, रबर टेपचे दोन रोल, एक सुटा एसएमपीएस, डमी लोड. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी, झोक्यावरच्या अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम चालू असताना पेटी बंद पडली, तर सणाला दुकानं उघडी सापडायची नाहीत.