कारचा एसी चालू-बंद होतोय: नुसतं टॉपअप की लीक टेस्ट करून पूर्ण गॅस?

एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, टक् करून लागतो, पाच-दहा सेकंदांत सुटतो, परत लागतो, असं सुरू झालं की गॅरेजवाला बॉनेट उघडायच्या आधीच म्हणतो 'गॅस कमी झालाय, मारून देतो'. बऱ्याचदा ते खरंही असतं, गॅस कमी असला की लो साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या पाइपातलं, प्रेशर झटकन पडतं, स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, प्रेशर सावरलं की परत चालू. पण हा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही हो, कमी झालाय म्हणजे कुठूनतरी जातोय.

टॉपअपचं, म्हणजे आहे त्यावरच थोडा गॅस मारायचं, काम पटकन होतं, खर्च कमी, आणि निघतानाच गारेगार. अडचण अशी की आत किती उरलाय ते कुणालाच माहीत नसतं, इंजिन बंद असताना गेज जे दाखवतं ते तापमानावर ठरतं, थोडा लिक्विड गॅस उरला असला तरी आकडा बरा दिसतो. मग अंदाजाने मारतात, जास्त झाला तर हाय प्रेशरमुळे कॉम्प्रेसर परत कट, म्हणजे पैसे देऊन तोच त्रास.

पूर्ण कामात उरलेला गॅस काढतात, नायट्रोजन भरून जोडांना साबणाचं पाणी लावतात, लीक बंद करून निदान 30 मिनिटं व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं), आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम गॅस. व्हॅक्यूमला घाई करू देऊ नका, सिस्टम उघडली की आपली गोव्याची दमट हवा आत गेलेली असते. गाडी कांदोळी-मिरामारकडे उघड्यावर उभी राहत असेल तर कंडेन्सर (पुढच्या जाळीमागचा, गॅस थंड करणारा रेडिएटरसारखा भाग) आधी बघायला सांगा, खारं वारं त्याला खातं. जोडाजवळ तेलकट डाग आणि त्यावर लाल धूळ चिकटलेली दिसली तर लीक बहुतेक तिथेच, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलपण बाहेर येतं.

माझं मत विचाराल तर मागचा गॅस तीन-चार वर्षं टिकला असेल किंवा गाडी विकायचीच असेल तर टॉपअप चालेल, एका सीझनमध्येच गेला असेल तर टॉपअप म्हणजे पैसे हवेत उडवणं.

आणि दोन्हींच्या आधी एसी नेमका कधी कट होतो ते बघा. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये गरम हवा आणि हायवेला लागलं की थंड, तर संशय कंडेन्सरच्या फॅनवर. अर्धा तास मस्त चालून मग हवेचा जोरच कमी झाला तर आत हवा थंड करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतोय, तिच्या तापमानाचा सेन्सर बघायला लावा. पावसाळ्यात रात्री केबिन गार झाल्यावर अधूनमधून कट होतो ते नॉर्मल आहे, त्याला हात लावू नका. फॅनची टेस्ट तर फुकटच आहे, गाडी चालू करून एसी लावा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसर लागल्यावर फॅन फिरतोय का बघा, फक्त हात लांब ठेवा.