चालकांची अमली पदार्थ चाचणी: एका प्रयोगशाळेच्या सेवेविषयी अभिप्राय

चाकण येथील आमच्या मालवाहतूक व्यवसायात चालकांची अमली पदार्थ चाचणी सुरू करताना आम्ही एका खासगी प्रयोगशाळेची सेवा घेतली. नमुने घेण्याची पद्धत चोख होती. लघवीची बाटली चालकासमोरच सीलबंद होई आणि ती ज्याच्या-ज्याच्या हाती जाई त्याची सही घेतली जाई. मात्र पट्टीवरची प्राथमिक चाचणी केवळ संशय दाखवते. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, इतकेच काय, अनारशांवरची खसखसही अफूवर्गीय अंश दाखवू शकते, म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ नेमका ओळखणाऱ्या तपासणीने) खातरजमा होईपर्यंत कोणावरही कारवाई करणे गैरच. या खातरजमेचे शुल्क वेगळे असल्याचे आम्हाला देयक हाती पडल्यावर समजले.

सर्वाधिक खटकले ते इंग्रजीतील संमतिपत्र. सही करणाऱ्याला न कळणारी संमती कसली? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात तर संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील, म्हणजे मराठीसह इतर भारतीय भाषांत पाहता येण्याची तरतूद आहे. मराठी मसुदा, लेखी धोरण, पूर्वसूचना आणि अहवालांची गुप्तता ही सारी जबाबदारी मालक म्हणून आम्हीच पार पाडली. पाचपैकी तीन गुण.