चिवितावेक्किया ते रोम: क्रूझच्या बसऐवजी साधी ट्रेन कितपत भरवशाची?

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या वेळापत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असलं, तरी जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. क्रूझ कंपनीची बस घ्यायची की इटलीची सरकारी रेल्वे कंपनी त्रेनइतालियाच्या ‘रेज्योनाले’ (साध्या प्रादेशिक) गाडीने आपलं आपण जायचं? चालायची तयारी असेल आणि जहाज संध्याकाळी साडेसहा-सातपर्यंत बंदरात थांबणार असेल, तर ट्रेन घ्या. बसच्या मानाने ती कित्येक पटींनी स्वस्त पडते आणि रस्त्यावरच्या कोंडीत अडकत नाही. मात्र दिवसाची आखणी परतीच्या गाडीपासून उलटी करत या. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी थांबणार नाही.

आधी बंदरातून बाहेर पडण्याचं बघू. धक्क्यावरून मोफत शटल बस ‘लार्गो देल्ला पाचे’ या थांब्यापर्यंत सोडते. तिथून स्टेशनला जायला तिकिटाची बस मिळते, नाहीतर पंचवीसेक मिनिटं चालत जाता येतं. सगळं जहाज एकदम खाली उतरत असल्याने सकाळी शटलला रांग लागते. जहाजाचा दरवाजा उघडल्यापासून स्टेशनवर पोचायला पाऊण ते एक तास धरा.

रेज्योनालेचं एका बाजूचं भाडं पाच युरोच्या आसपास आहे. आरक्षण नसतं, त्यामुळे तिकीट संपत नाही, पण जागा मिळेलच असंही नाही. ‘बिर्ग’ नावाचा साधारण १२ युरोंचा दिवसभराचा पास मिळतो. त्यात जाऊन-येऊन ट्रेन आणि रोममधली मेट्रो, बस, ट्राम सगळं येतं. मेट्रोचा एक प्रवास दीड युरोचा. म्हणजे मेट्रोत दोनदाच बसणार असाल तर पैशांत फार फरक नाही, पण दर वेळी मशिनसमोर उभं राहणं वाचतं. पासवर नाव आणि तारीख लिहावी लागते. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या मशिनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवायचा. मोबाइलवरच्या तिकिटाला चेक-इन करायचं. खिशात तिकीट असूनही दंड बसतो तो इथेच, आणि पर्यटक म्हणून सूट मिळत नाही. याच मार्गावरून इंटरसिटी गाड्याही धावतात. त्यांत हे तिकीट किंवा पास चालत नाही, म्हणून बोर्डवर गाडीचा प्रकार बघूनच चढा.

व्हॅटिकनपासून सुरुवात करायची असेल तर तेर्मिनीपर्यंत, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत, जाऊ नका. सान पिएत्रो स्टेशनला उतरा. पाऊण-एक तासात गाडी तिथे पोचते आणि सेंट पीटर्सचा चौक चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिथल्या बॅसिलिकात (भव्य चर्चमध्ये) प्रवेश मोफत, पण सुरक्षा तपासणीची रांग मोठी असते आणि खांदे-गुडघे झाकलेले लागतात. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असली की बॅसिलिका दुपारपर्यंत बंद राहते. व्हॅटिकन म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. तुमचं जहाज कुठल्या वारी लागतंय, हे तिकिटं काढण्याआधी बघा.

कोलोसियमची तिकिटं नावानिशी आणि वेळेनिशी असतात. साधारण महिनाभर आधी अधिकृत संकेतस्थळावर विक्री सुरू होते आणि सोयीच्या वेळा भराभर जातात. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं, ते गाळलं की दारात ओळखपत्र आणि तिकीट जुळत नाही. वेळ दुपारी एकच्या सुमाराची घ्या. सकाळी दहाची घेतलीत आणि जहाज धक्क्याला लागायला तासभर उशीर झाला, तर ते पैसे गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो. क्रूझवरून येणाऱ्याने तो दिवस कोलोसियमसाठी धरूच नये, रांगेतच दुपार जाते. एका दिवसात म्युझियम आणि कोलोसियम दोन्ही आतून बघायचा हट्टही सोडा. एक आतून, दुसरं बाहेरून.

आता परतीचं. कोलोसियमहून बहुतेक जण तेर्मिनीला परत येतात आणि तिथे फसतात. चिवितावेक्कियाच्या रेज्योनाले गाड्या सहसा पंचविसाच्या पुढच्या फलाटांवरून सुटतात. हे फलाट मुख्य दालनाला लागून नाहीत. चोविसाव्या फलाटाच्या कडेने चारेकशे मीटर आत चालत जावं लागतं. सामान आणि आजी-आजोबा सोबत असतील तर दहा मिनिटं सहज जातात, आणि गाडी डोळ्यांदेखत सुटते. त्यापेक्षा मेट्रोच्या बी लाइनने उलट दिशेला दोन स्टेशनं जा: चिर्को मास्सिमो, मग पिरामिदे. पिरामिदेहून भुयारी वाटेने थेट ओस्तिएन्से स्टेशनात निघता आणि तीच गाडी तिथे मिळते. तोटा एकच, बसायला जागा मिळायची शक्यता कमी. ज्यांना तासभर उभं राहवणार नाही त्यांनी तेर्मिनीलाच जावं, पण वीस मिनिटं हातात ठेवून.

बोर्डवर ‘चिवितावेक्किया’ शोधत बसू नका. अनेक गाड्या पुढे ग्रोसेत्तो किंवा पिसापर्यंत जातात आणि बोर्डवर शेवटचंच स्टेशन मोठ्या अक्षरात असतं.

सगळ्यांनी साडेसहाला जहाजावर असावं असं सांगितलं असेल तर ओस्तिएन्सेहून साडेतीन ते चारच्या दरम्यानची गाडी धरा. तासाभरात चिवितावेक्किया, पुढे बंदरापर्यंत अर्धा तास, म्हणजे साडेपाचच्या आत आपण जहाजापाशी. एक गाडी रद्द झाली तरी हा हिशेब बहुधा सांभाळून घेतो. साडेचारनंतरच्या गाडीवर भिस्त ठेवणं आम्हाला पटत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. ती दर वेळी स्थानिक वेळेशी जुळतेच असं नाही.

या सेवेचा खरा धोका म्हणजे संप. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि तिथल्या परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांची यादी असते. ‘शोपेरो’ (sciopero, म्हणजे संप) हा शब्द शोधा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडणं बंधनकारक आहे. नोकरदारांना हे पुरतं, क्रूझवाल्याला हाच सापळा ठरतो: सकाळची गाडी व्यवस्थित रोमला सोडते, आणि परतीची खात्रीची गाडी सहानंतर, म्हणजे जहाजाची वेळ उलटल्यावर. त्या दिवशी कंपनीची बस घ्या किंवा चिवितावेक्कियातच फिरा.

खाण्यासाठी वजनावर कापून देणारी पिझ्झाची दुकानं शाकाहाऱ्यांना सोयीची, पण ‘सुप्ली’ हा तळलेला भाताचा गोळा विचारल्याशिवाय घेऊ नका, पारंपरिक सुप्लीत मांसाचा रस्सा असतो. पाणी विकत घ्यायची गरज नाही. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ सतत वाहत असतात, बाटली तेवढी न्या.

पासपोर्ट जहाजावरच ठेवून घेतला असेल तर त्याची रंगीत प्रत आणि व्हिसाच्या पानाचा फोटो जवळ हवा. जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकात बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा. गाड्या ठप्प झाल्याच तर रोमहून टॅक्सीला शंभराहून जास्त युरो लागतात. चौघांत ती रक्कम झेपते, एकट्याने तेवढी शिल्लक कार्डावर ठेवूनच निघावं.