सिग्नल मेसेंजर: पाच वर्षांच्या वापरानंतरचे मत

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने वापराच्या अटी बदलत असल्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या कामगार संघटनेच्या कार्यकारिणीने आपला ग्रुप सिग्नलवर नेला. त्या आठवड्यात सिग्नलवर आलेले माझ्या ओळखीचे बहुतेक जण यथावकाश परत गेले, आम्ही मात्र राहिलो. निरोपांचा खासगीपणा जपण्यासाठी सर्वसामान्य माणसाला विनामूल्य मिळणारी याहून चांगली सेवा आज नाही, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. तिचे हे श्रेष्ठत्व तंत्रज्ञानापेक्षा मालकीच्या स्वरूपातून आले आहे आणि तिची सर्वांत मोठी उणीवही मालकीच्याच प्रश्नाशी जोडलेली आहे.

निरोपाचा मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाही वाचता येऊ नये, अशी व्यवस्था व्हॉट्सॲपमध्येही आहे. किंबहुना २०१६ पासून तेथे सिग्नलचीच कूटबद्धतेची पद्धत वापरली जाते. फरक आहे तो पाकिटावरच्या मजकुराचा. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळा निरोप पाठवला आणि कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे, या माहितीला मेटाडेटा म्हणतात, आणि जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीला ती सोडवत नाही. अशा माहितीच्या आधारे आम्ही माणसे मारतो, हे अमेरिकेच्या सीआयए आणि एनएसए या दोन्ही गुप्तचर संस्थांचे प्रमुखपद भूषवलेल्या मायकेल हेडन यांनी २०१४ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. संपाची नोटीस देण्याच्या आदल्या रात्री कोणत्या खात्यातील कोण कोणाशी बोलत होते, एवढे कळले तरी व्यवस्थापनाला पुढारी वेचून काढता येतात. मजकूर वाचण्याची गरजच उरत नाही. उलट २०१६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) एका वापरकर्त्याची माहिती मागितली, तेव्हा सिग्नलकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खाते कधी उघडले आणि ते शेवटचे कधी जोडले गेले. जे साठवलेलेच नाही, ते कोणत्याही सरकारला हिसकावून घेता येत नाही.

हे शक्य होते, कारण सिग्नल ना-नफा संस्था चालवते. फेसबुकमधून बाहेर पडलेले व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांच्या ५ कोटी डॉलरच्या निधीतून २०१८ मध्ये तिचे फाउंडेशन उभे राहिले. त्यापूर्वी या प्रकल्पाला अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ओपन टेक्नॉलॉजी फंडाचे साहाय्य होते, हे डाव्या विचारांच्या वाचकांपासून लपवण्याचे कारण नाही. मात्र सिग्नलची आज्ञावली (सोर्स कोड) कोणालाही पाहता येईल अशी खुली आहे, जगभरचे तज्ज्ञ ती तपासतात, आणि माझा विश्वास त्या तपासणीवर आहे. संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपला खर्चही मांडला. २०२५ पर्यंत तो वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलरवर जाईल, असा तो अंदाज होता. त्या वेळी केवळ नोंदणीच्या एसएमएससाठीच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जात होते.

वापराला ॲप सोपे आहे आणि मेनू मराठीत मिळतो, त्यामुळे आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही अडचण आली नाही.

उणिवांपैकी पहिली फोन नंबरची. २०२४ पासून वापरकर्तानाव घेऊन आपला नंबर इतरांपासून लपवता येतो, पण खाते उघडायला नंबर लागतोच, आणि भारतात प्रत्येक सिमकार्डामागे ओळखपत्र असते. दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या यंत्रणेत, बिघाड झाला आणि तिच्यावर चालणारे सिग्नलही बंद पडले. जगभर तत्काळ निरोप पोहोचवू शकणारी यंत्रणा तीन-चार कंपन्यांकडेच असल्याने दुसरा पर्याय नाही, असे सिग्नलच्या अध्यक्ष मेरेडिथ व्हिटेकर यांनी त्यानंतर स्पष्ट केले. त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच ते अस्वस्थ करणारे आहे. याच ॲमेझॉनने गूगलसह २०२१ मध्ये इस्रायल सरकारशी सुमारे १२० कोटी डॉलरचा ‘निम्बस’ हा क्लाउड करार केला. गाझातील युद्धाचा निषेध करणारे कार्यकर्ते ज्या सेवेवर एकमेकांशी बोलतात, तिचे भाडे त्याच कंपनीला जाते. हा दोष एकट्या सिग्नलच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सार्वजनिक मालकीची अशी यंत्रणा कोठे उभीच राहिलेली नाही.

तिसरी गोष्ट उणीव नव्हे, मर्यादा आहे. सिग्नल वाटेवरचा निरोप जपते, फोन किंवा संगणक जपत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात मालवेअरद्वारे (घुसखोरी करणाऱ्या आज्ञावलीद्वारे) बाहेरून कागदपत्रे घातली गेल्याचा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या संगणकातील पुरावे तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. यंत्रच परक्याच्या ताब्यात असेल, तर त्यावरचे कोणतेही ॲप निरुपयोगी ठरते.

ठरावीक मुदतीनंतर आपोआप नाहीसे होणारे संदेश ही सोय आम्ही रोज वापरतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या मंत्र्यांनी येमेनवरील हल्ल्याची चर्चा सिग्नलवर केली आणि त्या ग्रुपमध्ये चुकून एका संपादकाला घेतले, तेव्हा त्यांतील काही संदेशही असेच पुसले जाणार होते. कामगाराला मालकाच्या नजरेपासून वाचवणारी सोय राज्यकर्त्याच्या हाती गेली, तर बॉम्बहल्ल्याचा निर्णय कोणी व कसा घेतला याची जनतेच्या हक्काची नोंद नष्ट करते. यावर आमच्यापुरता आम्ही नियम केला आहे. ग्रुपवरचे बोलणे चार आठवड्यांत पुसले जाते, पण कार्यकारिणीचा प्रत्येक ठराव त्याच दिवशी इतिवृत्ताच्या वहीत शाईने लिहिला जातो आणि ती वही कोणत्याही सभासदाला मागताक्षणी दाखवली जाते.