एज ऑफ एम्पायर्स : नव्या रूपातला दुसरा भाग घ्यावा की थेट चौथा?

'एज ऑफ एम्पायर्स' म्हणजे गाव वसवून, सैन्य उभारून लढायचा कॉम्प्युटरवरचा खेळ. त्याच्या भागांवर सेल लागला की आमच्या नाशिकच्या मित्रमंडळींत हा प्रश्न हमखास निघतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे कॉलेज रोड आणि नाशिकरोडच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून 'एज' खेळलेले, आता नोकरीला लागून स्वतःचा लॅपटॉप घेतलेले. दुसरे त्यांचे धाकटे भाऊ-बहिणी, ज्यांनी दादाच्या तोंडून फक्त 'वोलोलो' (शत्रूचा शिपाई फितवणाऱ्या पुजाऱ्याचा मंत्र) ऐकलेलं असतं. दोघांनाही उत्तर मात्र एकच मिळतं : "दुसराच घे. तो ओरिजिनल आहे. चौथा भलत्याच लोकांनी केलाय."

या उत्तराला माझी हरकत आहे. ज्यांनी ही मालिका जन्माला घातली, ते आता कुठल्याच भागाच्या मागे नाहीत. डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने १९९७ मध्ये पहिला भाग काढला, १९९९ मध्ये 'एज ऑफ किंग्ज' हा दुसरा भाग आणि २००० मध्ये त्याचा विस्तार (मूळ खेळाला जोडायची भर) 'द कॉन्करर्स' दिला. आपण कॅफेत खेळलो ते हेच. २००९ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद केला. म्हणजे आज विकत मिळणारे दोन्ही खेळ नव्या हातांचेच आहेत. निवड करायची ती या दोन हातांमधून.

दुसऱ्या भागाची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्या रूपातली आवृत्ती, नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. तिच्यामागचा मुख्य स्टुडिओ फरगॉटन एम्पायर्स. ही मुळात चाहत्यांचीच मंडळी. जुन्या खेळासाठी त्यांनी हौसेने एक मॉड (खेळात चाहत्यांनीच केलेली भर) केला होता, तो लोकांना इतका आवडला की २०१३ मध्ये एचडी आवृत्तीबरोबर त्याचाच अधिकृत विस्तार झाला. चौथा भाग ऑक्टोबर २०२१ चा, व्हँकुव्हरच्या रेलिक एंटरटेनमेंटचा. 'होमवर्ल्ड' आणि 'कंपनी ऑफ हीरोज' करणारा हा नावाजलेला स्टुडिओ, पण या घरातला नव्हे. एकीकडे त्याच घराण्यात कान तयार झालेला शिष्य, दुसरीकडे वेगळ्या घराण्यातून आलेला तयारीचा गवई. राग तोच, पण मांडणी एकसारखी कशी होणार?

रेलिकचं नाव २०१७ मध्ये जाहीर झालं तेव्हा आधी आनंदच झाला, कारण इतक्या वर्षांनी क्रमांक पुढे सरकत होता. शंकाही लगेच आली. त्याच वर्षी रेलिकच्या 'डॉन ऑफ वॉर'च्या तिसऱ्या भागाने त्या मालिकेच्या चाहत्यांना नाराज केलं होतं. पुढे २०१९ मध्ये पहिली दृश्यं दिसली आणि ओरड सुरू झाली : रंग भडक, बाण नको तितके मोठे, सगळं कार्टूनसारखं. रेलिकचं म्हणणं होतं की गर्दीच्या लढाईत कोण कुठे आहे हे एका नजरेत कळायला हवं. खेळून पाहिल्यावर मला ते पटलं. शंभर शिपायांच्या झटापटीत भालाईत आणि तिरंदाज चौथ्या भागात पटकन वेगळे दिसतात.

चित्रांवरच्या भांडणात खरी तक्रार मात्र दबून गेली. ती हाताची होती. दुसऱ्या भागात क्लिक केलं की घोडेस्वार तिथल्या तिथे वळतो. बाण चुकवत एकेक शिपाई वाचवणं हाच तिथला कस. चौथ्यात शिपायाला वजन आहे, वळताना तो क्षणभर घेतो. जुन्या खेळाडूच्या बोटांना हा क्षण टोचतो, आणि "हे आपलं एज नाही" असं तो म्हणतो त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. ही तक्रार मी खरी मानतो. सवय होते, पण बोटांची जुनी आठवण जात नाही. तुमची मजा या बारीक हालचालींत असेल, तर चौथा कितीही सुंदर असला तरी तुम्हाला अडखळायला होईल.

पदार्पणातल्या उणिवाही खऱ्या होत्या. चौथा आला तेव्हा रँक्ड, म्हणजे क्रमवारी ठरवणारे ऑनलाइन सामने नव्हते, स्वतःचा रंग निवडता येत नव्हता, नकाशे बनवायचं साधन नव्हतं. रँक्ड एप्रिल २०२२ मध्ये आलं, बाकीचंही हळूहळू भरून निघालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओटोमन आणि माली फुकट मिळाले, आणि सुरुवातीच्या ८ संस्कृतींच्या (खेळायला निवडायच्या राज्यांच्या किंवा लोकांच्या) २०२३ अखेर १६ झाल्या. तेव्हा २०२१ चं परीक्षण वाचून आज कोणी चौथा नाकारत असेल, तर तो आता अस्तित्वात नसलेला खेळ नाकारतोय.

चौथ्यात मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक संस्कृती खरोखर वेगळी खेळावी लागते. मंगोलांना घरं बांधावी लागत नाहीत, इमारती गाड्यांवर लादून ते तळच हलवतात, पण दगडी तटबंदी त्यांना बांधता येत नाही. दिल्ली सल्तनतीला संशोधन फुकट आहे, मात्र वेळ लांबतो आणि तो कमी करायला मशिदीत विद्वान बसवावे लागतात. दर युगागणिक व्हिलेजरची, म्हणजे कामकरी गावकऱ्याची, भाषासुद्धा जुन्या रूपातून नव्याकडे सरकते. दुसऱ्या भागात संस्कृती ४५ च्या वर आहेत, पण बऱ्याचशा एकाच सांगाड्यावर उभ्या : तंत्रज्ञानाचा तक्ता सारखा, त्यात काही गाळलेलं, काही जोडलेलं, एक-दोन खास शिपाई. यालाही मी कमी लेखत नाही. सांगाडा एकदा शिकलात की कुठलीही संस्कृती उचलून खेळता येते.

आपल्याकडच्या इतिहासात मात्र दुसरा भाग सरळ पुढे आहे. एप्रिल २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या विस्ताराने आधीच्या एकसंध 'इंडियन्स'ची फोड करून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार संस्कृती केल्या. गुर्जर गिरणीत मेंढ्या ठेवून धान्य मिळवतात, द्रविडांकडे उरुमी (चाबकासारखी लवचीक तलवार) फिरवणारे शिपाई आहेत, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा (एकट्याने खेळायच्या कथा) आहेत. भारतीय खेळाडूंनी हे उचलून धरलं ते योग्यच होतं. चौथ्यात सुरुवातीला फक्त दिल्ली होती, तिची स्वतःची मोहीमही नव्हती. २०२५ मध्ये तुघलक आले. सेऊणदेशाचे यादव दोन्हीकडे नाहीत. सिन्नरला त्यांची जुनी राजधानी होती, गोंदेश्वराचं देऊळ उभं आहे, आणि तरी दोन्ही खेळांत दख्खन इतरांच्या सीमांमध्ये विरून जाते. कोणीतरी हे करायला हवं असं मला फार वाटतं.

आता घराण्यातल्या शिष्याची दुसरी बाजू. मे २०२५ मध्ये दुसऱ्या भागात 'थ्री किंगडम्स' हा विस्तार आला आणि जुने चाहते खवळले. खेळाचा काळ मध्ययुगाचा, ही चिनी राज्यं तिसऱ्या शतकातली. त्यात नायक पात्रं रँक्ड सामन्यांतही उतरवली. चौथ्यावर "हे एज नाही" म्हणून झालेला आरोप इथे चाहत्यांनीच घडवलेल्या स्टुडिओवर झाला. मालिकेवर प्रेम असलं म्हणून निर्णय बरोबरच येतील याची खात्री नसते, आणि बाहेरून आलेला स्टुडिओ मालिका बुडवतोच असंही नाही.

मशीनचं थोडक्यात. दुसऱ्याला किमान ४ जीबी रॅम आणि साधारण ३० जीबी जागा लागते, चौथ्याला किमान ८ आणि ५० जीबी. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत काम करणाऱ्या माझ्या बऱ्याच मित्रांकडे ग्राफिक्स कार्ड नसलेला ऑफिसचा लॅपटॉप आहे. त्यावर दुसरा निवांत चालतो. चौथा सुरू होतो, पण मोठ्या लढाईत रखडतो. अशा मशीनवर चौथा घेऊ नका, रेलिकला उगाच शिव्या द्याल. आणि कॅफेसारखी एक सीडी सगळ्यांत आता चालत नाही. ऑनलाइन खेळायला प्रत्येकाला स्वतःची प्रत लागते, म्हणून आधी सोबती कुठला भाग घेतायत ते विचारा. एकट्याने रँक्ड चढायची जिद्द असेल तर गोष्ट वेगळी.

कॅफेत वाढलेल्यांनी, जुन्या चमूसोबत शनिवारी रात्री बसणाऱ्यांनी डेफिनिटिव्ह एडिशन घ्यावी, आणि तिच्या जोडीला 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' लगेच घ्यावं. ज्यांनी यातला एकही खेळलेला नाही, त्यांना मी चौथा सांगेन, मशीन बरं असेल तर. त्यातली शिकवणी नीट आहे, नॉर्मनांच्या मोहिमेतले माहितीपटासारखे व्हिडिओ पाहत पाहत खेळ कळत जातो, आणि बोटांना कुठलीच जुनी सवय आडवी येत नाही. दादाने सांगितलं म्हणून धाकट्याने दुसरा घेऊ नये.

तरीही ठरत नसेल तर दोन्ही खेळ पीसी गेम पासमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मासिक वर्गणीत, आहेत. एक महिना घ्या. आधी चौथा खेळा, मग दुसरा. उलट क्रमाने गेलात तर घोडेस्वाराच्या त्या वळणावरच चौथ्याबद्दलचं मत होऊन बसेल.