घरीच उलटी, थोडी वाट की थेट दवाखाना?

कुत्र्याने गोळ्यांची पट्टी चावून चिंध्या केलेली दिसली की घरात लगेच तीन मतं पडतात: मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, तासभर बघू, किंवा उचला आणि डॉक्टरांकडे न्या. माझं मत तिसऱ्या बाजूला आहे, आणि निघण्याआधी एक फोन करा.

वाट बघावीशी वाटते, कारण प्राणी त्या वेळी बहुधा ठणठणीत असतो. फसगत इथेच होते. रक्त गोठू न देणारं उंदीर मारायचं औषध पोटात गेलं, तर लक्षणं दिसायला २ ते ५ दिवस लागतात. तोवर आतल्या आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. लगेच उपचार मिळाले, व्हिटॅमिन के-१ वेळेत सुरू झालं, तर असे बहुतेक प्राणी वाचतात. मनुका खाल्लेल्या कुत्र्याची मूत्रपिंडं १ ते ३ दिवसांत निकामी होऊ शकतात. उलट बिनसाखरेच्या च्युइंगमला गोडवा देणारं झायलिटॉल कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या-पाऊण तासातही खाली आणतं. मोठ्या कुत्र्याने मिल्क चॉकलेटचा छोटा तुकडा खाल्ला तर डॉक्टरच कदाचित म्हणतील, घरी लक्ष ठेवा. पण तो निर्णय त्यांनी वजन आणि प्रमाण विचारून घ्यायचा.

घरी उलटी काढण्यात वेळ वाचतो, हे खरं. पण मिठाने रक्तातलं सोडियम इतकं चढू शकतं की झटके येतात, जीवही जातो. उलटीसाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड फक्त कुत्र्याला, तेही डॉक्टरांनी फोनवर मात्रा सांगितली तरच. मांजराला कधीच नाही. त्याच्या पोटाला आतून गंभीर इजा होते. ॲसिड किंवा नळ साफ करायचं रसायन गिळलं असेल तर उलटीत अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल-पेट्रोल फुप्फुसात उतरू शकतं. प्राणी गुंगीत असेल, झटके येत असतील, तर उलटीचा विचारही नको. दूध पाजणं निरुपद्रवी वाटतं, पण ते सर्वसाधारण विषावरचा उतारा नाही. उंदरासाठीच्या झिंक फॉस्फाइडवर तर खायला घालणं घातकच: पोटातलं आम्ल वाढून विषारी वायू जास्त तयार होतो.

दवाखान्यात खर्च होतो, धावपळ होते. पण तिथे कुत्र्याला अपोमॉर्फिनचं इंजेक्शन देऊन उलटी काढतात, मांजरासाठी वेगळं औषध वापरतात, गरज असेल तर पोटातलं विष धरून ठेवणारा खास कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल, देतात. उलटीचा उपयोग साधारण पहिल्या एक-दोन तासांतच असतो, म्हणून वेळ घालवू नका.

मांजराच्या बाबतीत तर मी क्षणभरही थांबणार नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो. लिलीचे परागकण अंगाला लागले आणि ते चाटले, एवढ्यानेही मूत्रपिंडं जातात.

फोनवर चार गोष्टी सांगा: काय खाल्लं, किती, केव्हा, आणि प्राण्याचं वजन. पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजा. वेष्टन सोबत घ्या, उलटी झालीच असेल तर तीही पिशवीत भरून न्या. अंगाला काही लागलं असेल तर गाडीत कोणीतरी त्याला धरून बसा, चाटू देऊ नका.